ठेव बासरी खाली

संत चिमाबाई कुठल्या गावच्या, नवरा त्यांना कसा छळायचा आणि देवाने त्यांना दर्शन कुठे दिलं, हे भाईंदरच्या नवघरमध्ये आज कुणालाही विचारा, धडाधड सांगतील. खरं सांगायचं तर ह्या बाई एका मंगळवारी दुपारी, चहा झाला होता आणि खारी यायची होती तेवढ्या वेळात जन्माला आल्या. देवळाच्या सभामंडपात, सतरंजीवर. आणि ज्या शैला मोंडकरमुळे त्या जन्मल्या, ती समोर बसून आ वासून बघत राहिली.

शैला म्हणजे काही मोठी असामी नव्हे. बी विंग, तिसरा मजला, लिफ्टच्या समोरचं दार. परळच्या चाळीतल्या एका खोलीतून नवऱ्याबरोबर ती भाईंदरला आली तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगमधल्यांची वाळत घातलेली बनियनं दिसतात. मुलगा पराग लहान असल्यापासून तिने एका बायकांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनला नोकरी केली. काम काय, तर नावं पुकारायची. आयुष्यभर तिने दुसऱ्यांची नावं खणखणीत आवाजात पुकारली. तिला स्वतःला मात्र दवाखान्यात सगळे ‘सिस्टर’ म्हणत, जी ती नव्हती, आणि बिल्डिंगमध्ये ‘परागची मम्मी’. पराग नोकरीला बंगलोरला गेला तरी ते बदललं नाही.

गुणवंत, तिचा नवरा, विमा कंपनीतून रिटायर झाला आणि त्याच दिवशी मोबाईलला चिकटला. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, आरडाओरडा नाही, भाजीत मीठ कमी पडलं तर उठून स्वतः घेतो. पण डाव्या हातात मोबाईल आणि उजव्या हाताचं बोट त्यावर, अशा त्याच्या मूर्तीची एकदा सोफ्यावर प्रतिष्ठापना झाली की विसर्जन थेट झोपायलाच. कुठल्या देशाने कुठल्या देशावर क्षेपणास्त्र टाकलं, हे त्याला पाठ. बायकोने केस कापले ते आठवड्याने कळलं, तेही शेजारणीने सांगितलं म्हणून.

आणि नेमकं ह्याच सुमाराला शैलाचं डोकं फिरलं. म्हणजे झालं असं, की तिची पाळी गेली. मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस बाई एकदाची. सुटली कुठली! लग्नाच्या पहिल्या वर्षी नव्हती एवढी अंगात आग. भांडी घासताना, जिना चढताना, मेथी निवडताना, कधीही. दवाखान्यात तिने बायकांच्या अंगाबद्दलचं सगळं ऐकलं होतं, पण ह्या वयात असंही होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? जिला होतं ती गप्प बसते.

आता देवघराचं सांगते. शैलाकडे आईकडून आलेला पितळी मुरलीधर होता. चांगला वीतभर उंच, भरल्या खांद्याचा, पायावर पाय टाकून ऐटीत उभा. रोज सकाळी ती त्याला ताम्हनात घ्यायची, दूध घालायची, पाणी घालायची, मऊ पंच्याने पुसायची. हे ती वर्षानुवर्षं करत आली होती, पण आता पुसताना तिचा हात रेंगाळायला लागला. भक्ती होती का? होती, खोटं कशाला बोला. ‘देवा’ म्हणताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. आणि दुसरंही होतं, ते बेंबीच्या जरा खाली होतं, आणि गव्हातले खडे निवडावेत तसं एक दुसऱ्यातून निवडून काढायला गेलं तर निवडता येत नव्हतं. तिने प्रयत्न केला चार दिवस. मग म्हणाली, मरू दे, ज्याने दोन्ही दिलंय तोच बघेल.

फक्त एका गोष्टीचा तिला राग यायचा. मुरलीधराचे दोन्ही हात कायम बासरीत अडकलेले. बाहेर सोफ्यावर तेच, आत देव्हाऱ्यात तेच. एके सकाळी पंच्याने पुसता पुसता ती त्याला म्हणाली, “ती बासरी ठेव की जरा खाली.” आणि हसली. आणि हसता हसता तिला पुढची ओळ सुचली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत अख्खी गवळण झाली.

*उशिरा का रे आलासी, दूध गेले आटून,*
*चुलीपाशी उभी उभी अंग आले पेटून.*

*गाठ चोळीची सुटेना, घाई तुझ्या हाताला,*
*ठेव बासरी खाली ती, दोन हात लागती याला.*

*घाम तुझा की माझा हा, कुणी कसा निवडावा,*
*भरल्या घरात सांग ना, श्वास कुठे लपवावा.*

*कान्हा माझा गेला तरी गेलासा वाटेना,*
*अंगावरचा वास त्याचा न्हाले तरी सुटेना.*

आता ही गवळण तिने गुपचूप गुणगुणून सोडून दिली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण शैला रुक्मिणी महिला भजनी मंडळाची मुख्य गायिका. मंडळाच्या अध्यक्षा नीलिमाताई, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या, शुद्ध बोलणाऱ्या, शुद्ध सुतीच नेसणाऱ्या, शुद्ध तुपातलंच खाणाऱ्या. पखवाजावर हौसाबाई. ही मोरव्याची कोळीण, सत्तरी ओलांडलेली, अंगठ्याएवढं कुंकू लावणारी. दर मंगळवारी लेकाच्या स्कूटरवरून पश्चिमेहून पूर्वेला यायची आणि पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापत सगळ्यांची खबर घ्यायची. आणि ह्या सगळ्यांना शिकवायला विरारहून दशरथबुवा. बुवांचा गळा गोड, पण त्यांची एक खोड होती. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

नवरात्रात मैदानावर भजन स्पर्धा होती. बुवा म्हणाले, “त्याच त्याच गवळणी गाऊन परीक्षकांचे कान किटलेत. काहीतरी जुनं काढा. दुर्मिळ.”

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि शैलाने, काय तिच्या अंगात आलं देव जाणे, डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. पहिल्या कडव्याला टाळ थांबले. दुसऱ्याला हौसाबाईचा हात आपोआप पखवाजावर पडला आणि ठेका धरून चालायला लागला. शेवटची ओळ संपली.

“कुणाची गं ही?” नीलिमाताईंनी विचारलं.

‘माझी’ म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं. पण शैलाला समोर सगळ्या बायकांचे चेहरे दिसले, त्यांच्यामागे त्यांचे नवरे दिसले. “जुनी आहे,” ती म्हणाली. “आईकडून ऐकलेली. देवगडकडची.”

बुवांनी डोळे मिटले. मान हळूहळू डोलवली. “चिमाबाई,” ते म्हणाले.

“कोण?”

“संत चिमाबाई! काय तुम्ही लोक, मूळचं काहीच माहीत नसतं तुम्हाला. आमच्या गुरुजींच्या तोंडी होती ही. फार थोर अधिकार बाईंचा. चारशे वर्षं तरी झाली. शेवटचं कडवं मात्र बिघडलंय तुझं, शैला. नाममुद्रा गळालीय.”

भजनात ही रीतच आहे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायलाच हवं, आणि ते आलं की गाणाऱ्याने, ऐकणाऱ्याने, सगळ्यांनी उजवा हात कानाला लावून मान तुकवायची. नाव नसलेला अभंग म्हणजे स्टेशनवरची बेवारशी बॅग, कुणी हात लावत नाही. बुवांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. “चिमा म्हणे, गेला तरी गेलासा वाटेना. असं आहे ते. म्हणा.”

बायकांनी म्हटलं. ‘चिमा’ आल्याबरोबर सगळ्यांचे हात कानाला. शैलाचाही. तेवढ्यात खारी आली.

अशी गंमत. शैला खोटं बोलली म्हणून तिला बोलता येईना, आणि बुवा खोटं बोलले हे फक्त शैलाला माहीत, म्हणजे त्यांना उघडं पाडायचं तर आधी स्वतः उघडं पडायचं. अडकली ना कोंडीत!

पुढच्या मंगळवारी नीलिमाताई निरूपण लिहून घेऊन आल्या. स्पर्धेत गाण्याआधी दोन शब्द बोलायचे असतात. त्यांनी चष्मा लावला. “ही वरवर पाहता शृंगारिक वाटणारी रचना म्हणजे आत्मा आणि परमात्मा यांचं मीलन आहे. चूल म्हणजे संसार. आटलेलं दूध म्हणजे सरत चाललेलं आयुष्य. चोळी म्हणजे देहभाव, आणि तिची गाठ म्हणजे अहंकार. तो जीवाला एकट्याने सुटत नाही, म्हणून परमेश्वराने दोन्ही हातांनी...”

“आनि घाम?” हौसाबाईने विचारलं.

“घाम म्हणजे... साधना.”

“आनि वास?”

“वास म्हणजे संस्कार, हौसाबाई. जन्मोजन्मीचे.”

“आमचे हलदीला बाया गातान ना,” हौसाबाई कणीक मळत म्हणाली, “त्यात बी चोलीची गाठ हाय. तिथं ती चोलीचीच अस्ते.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नीलिमाताईंनी पुढचा परिच्छेद जरा मोठ्याने वाचला. शैला खाली मान घालून बसली होती. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिच्या चोळीची गाठ, तिचा घाम, तिच्या परळच्या खोलीतला दाबून धरलेला श्वास, आणि ह्या बाईने सगळं धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलं. चांगलं वाटायला हवं होतं खरं तर. बायका तिची गवळण गात होत्या, जिन्यात, भाजी घेताना, लिफ्टमध्ये. पण गाताना नाव घेत होत्या त्या मेल्या चिमाचं.

चिमाबाईही काही कमी नव्हत्या. दर मंगळवारी वाढत होत्या. आधी त्यांना गाव मिळालं, मग दुष्ट नवरा, मग विषाचा पेला. मग कुणाच्या तरी भाचीने मोबाईलवर कॉम्प्युटरकडून त्यांचं चित्र काढून घेतलं. गोरीपान बाई, पांढरं लुगडं, डोक्यामागे तेज, चेहरा असा की आयुष्यात कधी घाम आलेला नाही. त्या चित्राचा बॅनर झाला आणि मैदानाच्या कोपऱ्यावर लागला. शैला भाजीची पिशवी घेऊन त्या बॅनरखाली उभी राहिली आणि जी कधी झालीच नाही त्या बाईचा तिला कडकडून मत्सर वाटला. “सटवे,” ती म्हणाली, “अंग पेटलं माझं आणि तेज तुला!”

तिथून ती तशीच नीलिमाताईंकडे गेली. पिशवी दारात ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. “ताई, चिमाबाई वगैरे कुणी नाही. ती गवळण माझी आहे. मी रचलीय.”

नीलिमाताईंना आधी वाटलं, ती थट्टा करतेय. मग शैलाने कुकर, पंचा, मुरलीधर, सगळं सांगितलं. नीलिमाताईंचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

“म्हणजे हे सगळं... तुझं?”

“हो.”

“मग हे आपल्याला गाता येणार नाही, शैला.”

“का? शब्द तर तेच आहेत. काल तुम्हीच गाताना डोळे पुसत होतात.”

“अगं, संतांनी लिहिलं तर त्यामागे अधिकार असतो. तू...” नीलिमाताई शब्द शोधायला लागल्या. मराठीच्या बाई, पण सापडेना. “तू परागची मम्मी आहेस.”

“चारशे वर्षांपूर्वीच्या बाईने देवाला चोळी सोडायला बोलावलं तर ती मधुरा भक्ती,” शैलाचा आवाज चढला, “आणि बी विंगमधल्या बाईने बोलावलं तर चावटपणा, असंच ना? त्या बायकासुद्धा कधीतरी कुणाच्या तरी शेजारणीच होत्या, ताई. त्यांच्याही गल्लीत एक नीलिमाताई असणार.”

हे जरा जास्तच लागलं. नीलिमाताई पाणी प्यायल्या. मग त्या मऊ आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचं मऊ बोलणं रागावण्यापेक्षा वाईट. “तुला बोलून काय मिळणार आहे? बुवांची मान खाली जाईल. लोक विचारतील, हा कान्हा कोण. गुणवंतरावांकडे कसे बघतील? त्यापेक्षा चिमाबाईंच्या नावाने जाऊ दे. गाणं राहील. नाव काय, आज आहे, उद्या नाही.”

शैला पिशवी उचलून घरी आली. रडली नाही. कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडली तरी हिशेबात धरायला नको.

गुणवंत सोफ्यावर होता. मोबाईलमध्ये कुणीतरी युद्धाबद्दल ओरडत होतं. अचानक ते बंद झालं. गुणवंतने स्वतः बंद केलं, हे लक्षात यायला शैलाला वेळ लागला.

“ती तुमची चिमाबाई,” तो दारात येऊन म्हणाला, “परळला राहायची का?”

शैलाची सुरी थांबली.

“नाही, म्हणजे, भरल्या घरात श्वास कुठे लपवावा. लिफ्टमध्ये दोघी गात होत्या. मी म्हटलं, हे तर...” तो अडखळला. त्या एका खोलीत सासूसासरे, दीर, नणंद, आणि कपाटाच्या आडोशाला ही दोघं. शैला तोंडात पदराचा बोळा धरायची. ऑफिसात ओव्हरटाइम करून तो यायचा तेव्हा दूध खरंच आटलेलं असायचं. “तू लिहिलंस?”

“हो.”

“माझ्यावर?”

आता इथे दुसरी कुणी असती तर गोड हसून हो म्हणाली असती आणि संसार सुखाचा झाला असता. पण शैलाला त्या दिवशी खोटं बोलायचा वीट आला होता. “थोडं तुमच्यावर,” ती म्हणाली. “म्हणजे तेव्हाच्या तुमच्यावर. थोडं देवावर. आणि थोडं कुणावरच नाही, माझं माझ्यावर.”

“देवावर असलं?”

“त्याला चालतं. तो नीलिमाताईंसारखा नाही.”

गुणवंतने मान हलवली आणि सोफ्यावर जाऊन बसला. बराच वेळ मोबाईलचा आवाज आला नाही. मग आला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या मिळून केबिन रोडला ब्लाउज आणायला गेल्या, मॅचिंगचे. हौसाबाईने शैलाला दुकानाबाहेर बाजूला ओढलं. “काय गो, तोंड का पाडलंस?”

“काही नाही.”

“मना पयल्याच दिवशी कललं. तू गात व्हतीस तवा तुझे मानेवर घाम आलता. दुसऱ्याचं गानं गाताना असा घाम येत न्हाय.” तिने ब्लाउजची पिशवी काखेत मारली. “उद्या काय करशील ते कर. माझा हात थांबायचा न्हाय.”

दुपारी मैदानावर मांडव भरला होता. पुढे परीक्षक, त्यांच्या शेजारी पाहुणे म्हणून दशरथबुवा, पांढरंशुभ्र धोतर नेसून. उजव्या बाजूला पुरुषांच्या खुर्च्या, त्यात गुणवंत, मोबाईल हातात. स्टेजच्या मागे चिमाबाई, तेजासकट. नीलिमाताईंनी निरूपण वाचलं. घामाची साधना झाली, वासाचे संस्कार झाले. वाचताना त्यांनी एकदाही शैलाकडे पाहिलं नाही.

शैलाने रीतीप्रमाणे आधी देवाच्या रूपाचा अभंग म्हटला, मग गवळण धरली. आणि काय सांगू, तिने ती अशी गायली की नाकं मुरडणाऱ्यासुद्धा खुर्चीत पुढे सरकल्या. ‘ठेव बासरी खाली ती’ला मागून कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. तिसरं कडवं तिने मुद्दाम लांबवलं. कारण चौथं यायचं होतं. चिमा म्हटलं तर आज टाळ्या, कदाचित ढाल, घरी निवांत. आणि मग जन्मभर त्या बॅनरखालून भाजी आणायची. तिला दवाखान्याचं ते टेबल आठवलं. आयुष्यभर हजारो बायकांची नावं पुकारली, सगळ्या उठून आत गेल्या. बाहेर एकटीच उरली होती.

तिने श्वास घेतला आणि दवाखान्यात पुकारायची तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

*शैला म्हणे, गेला तरी गेलासा वाटेना.*

मांडवभर हात कानाला गेले. सवयच ती! नाव आलं की हात वर. परीक्षकांचे गेले, बायकांचे गेले, डोळे मिटून डोलणाऱ्या बुवांचाही गेला, मान तुकवून, अगदी रीतसर. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं की नाव भलतंच आलं. हात कानाला, आणि आता तो खाली कसा आणायचा ते कुणाला कळेना. बुवांनी डोळे उघडले. शैला त्यांच्याकडेच बघत होती. काय करतील बिचारे! ‘चूक, चिमा हवं’ म्हणायचं, तर चिमा कोण ते सांगावं लागेल. त्यांनी कान जरासा खाजवला आणि हात मांडीवर ठेवला.

आता ओळ मागच्या बायकांनी उचलायची असते. मुख्य गायिका म्हणते, मंडळ परत म्हणतं. कुणी उचलेना. टाळ हवेत. नीलिमाताईंचे ओठ घट्ट मिटलेले. फक्त पखवाज चालू होता, एक आवर्तन झालं, दुसरं झालं. आणि त्या पखवाजामागून, चिरका, बेसूर, कधी न गाणारा आवाज आला:

*शैला म्हणे, गेला तरी गेलासा वाटेना.*

हौसाबाईचा. तिच्यामागून एक, मग दोन, मग सगळ्या. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा नीलिमाताईंचेही ओठ हलले. आवाज निघाला की नाही ते देवाला ठाऊक, पण ‘शैला’ला त्यांचा हात अर्धा वर गेला, हे शैलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, ते तिने पुसलं नाही.

ढाल मिळाली नाही. परीक्षक म्हणाले, परंपरेला सोडून झालं. ढाल दुसऱ्या मंडळाला गेली, तिथल्या बायका मात्र मागे कपडे बदलायच्या खोलीत शैलाला गाठून हळूच म्हणाल्या, आम्हाला पाठवा ना ती गवळण. दोघींनी नाक मुरडलं. एकीने विचारलं, कान्हा कोण हो? शैला म्हणाली, “तुमचा कोण ते तुम्ही बघा.” बुवा विरारला लवकर निघून गेले. नंतर ते सांगायला लागले, असं म्हणतात, की ही शैला त्यांचीच शिष्या, आणि पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दामच परीक्षा घेतली होती.

रिक्षात गुणवंत बाहेरच बघत बसला. कान लाल. शैला मनात म्हणाली, बोलेल, घरी गेल्यावर बोलेल, आणि बोलला तर मीही बोलेन, आज गय नाही. दार उघडून दोघं आत आली. तिने दूध गॅसवर ठेवलं, मोठी आच केली. मागे पावलं वाजली. गुणवंत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कपाळावर घाम, हातात मोबाईल, आणि चेहरा परळच्या खोलीतला, कपाटाच्या आडोशाचा.

“पुरुषांत सगळे माझ्याकडे बघत होते,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय. बघू दे म्हटलं.” तो एक पाऊल आत आला. “दिवाबत्तीची वेळ झालीय ना? देवाला...”

“देव बघून घेईल त्याचं.” शैलाने गॅस बंद केला आणि वळली. “अहो, तो मोबाईल ठेवा आधी खाली. दोन हात लागतात याला.”